बॉम्बच्या गणितातून चित्र: ब्रिटनमधल्या संगणक-कलेची सुरुवात

हे चित्र यंत्राने काढलं की माणसाने? गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न तुमच्याही कानावर आला असेलच. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एआयकडून करून घेतलेला गणपती टाकतं, मावशी-काका 'व्वा, सुरेख' म्हणतात आणि तेवढ्यात कोणीतरी विचारतं, "पण यात तुझं काय?" मग दोन दिवस ग्रुपवर तोच विषय.

वाद नवा वाटला तरी इथे ब्रिटनमध्ये तो साठ वर्षांहून जुना आहे. तेव्हा त्याचं उत्तर शोधणाऱ्या लोकांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या होत्या. त्यांनी केलेल्या कामाकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते, ती आधीच सांगून टाकते. 'यंत्र की माणूस' हा प्रश्न तसाच विचारला तर उत्तर मिळत नाही. 'निर्णय कुठे घेतला गेला?' असं विचारलं तर मिळतं, आणि प्रत्येक यंत्राच्या बाबतीत ते वेगळं निघतं. चला, एकेक यंत्र उघडून बघू.

सॅलफर्डची स्पर्धा

१९६१ साली मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डच्या आर्ट गॅलरीत एक चित्रस्पर्धा झाली. नाव होतं 'लंडन ऑपॉर्च्युनिटी' आणि बक्षीस होतं लंडनमध्ये स्वतःचं एकट्याचं प्रदर्शन. परीक्षकांमध्ये एल. एस. लाउरी होते. गिरण्यांची धुराडी आणि त्यांच्यासमोरून लगबगीने जाणारी काड्यांसारखी माणसं रंगवणारे ते हेच. आपल्या गिरणगावात वाढलेल्या कोणालाही त्यांची चित्रं ओळखीची वाटतील.

बक्षीस मिळालं डेस्मंड पॉल हेन्री यांना. हेन्री मँचेस्टर विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांचा अभ्यासाचा विषय होता मध्ययुगीन तर्कशास्त्र. पण यंत्रांचं वेडही तितकंच होतं, आणि दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याच्या विद्युत आणि यांत्रिक अभियंत्यांच्या दलात कारकून होते. बक्षीस मिळालं ते त्यांच्या वेगळ्या तंत्राने केलेल्या चित्रांसाठी. मात्र त्यांच्या घरी चित्रं काढणारं एक यंत्रही होतं. लाउरींनी ते पाहिलं आणि लंडनच्या प्रदर्शनात ही यंत्रचित्रंसुद्धा लागलीच पाहिजेत असा आग्रह धरला. १९६२ साली लंडनच्या रीड गॅलरीत ती लागली.

जन्मभर हाताने गिरण्या रंगवणाऱ्या वयस्क चित्रकाराने यंत्राच्या रेषांची बाजू घ्यावी, याची मला गंमत वाटते. त्यांनी नेमकं काय पाहिलं असेल? त्यासाठी यंत्राच्या पोटात शिरावं लागेल.

गिअर बेरीज कशी करतात

हेन्रींचं यंत्र मुळात चित्रांसाठी बनलेलंच नव्हतं. युद्धानंतर सैन्याचं जादा सामान बाजारात विकायला आलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मँचेस्टरमधल्या अशाच एका वखारीतून त्यांनी स्पेरी कंपनीचा बॉम्ब-नेमयंत्राचा संगणक विकत घेतला. विमानाचा वेग, उंची आणि वारा लक्षात घेऊन बॉम्ब नेमका कधी सोडायचा हे ठरवायला मदत करणारं हे यंत्र.

यात चिप नाही, शून्य-एक नाहीत. हा ॲनालॉग संगणक. म्हणजे इथे संख्या लिहिली जात नाही, ती एखाद्या दांड्याच्या फिरण्यातून व्यक्त होते. वेग वाढला की एक दांडा जास्त फिरतो, उंची वाढली की दुसरा. दोन संख्यांची बेरीज करायची असेल तर डिफरन्शियल गिअर वापरतात. मोटारीच्या मागच्या दोन चाकांमध्ये असतो तोच. त्याला दोन बाजूंनी फिरवलं की मधला भाग दोन्हींच्या सरासरीइतका फिरतो. सरासरीची दुप्पट म्हणजे बेरीज. वेडावाकडा संबंध मोजायचा असेल तर कॅम, म्हणजे ठरावीक आकारात कापलेली चकती. तिच्या कडेवर टेकलेली दांडी वर-खाली होते आणि ते वर-खाली होणं म्हणजेच उत्तर.

हेन्री हे यंत्र नुसतं चालवून त्याच्या भागांची हालचाल बघत बसत. १९६० च्या सुमारास त्यांना वाटलं की ही हालचाल कागदावर उतरवावी. मग त्यांनी यंत्राचे भाग वेगळ्या प्रकारे जोडले, त्यांना पेनं बांधली आणि खाली कागद ठेवला. त्यातून निघाल्या एकमेकींवर चढत जाणाऱ्या, जाळीसारख्या, पिसांसारख्या वक्ररेषा. एका चित्राला दोन तासांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागे.

तुम्ही लहानपणी स्पायरोग्राफ खेळला असाल. तोही इंग्लंडमधलाच. डेनिस फिशर या अभियंत्याने तो १९६५ मध्ये बाजारात आणला. त्यात दात्यांच्या चकत्या घट्ट बसतात, त्यामुळे तीच चकती, तेच भोक घेतलं की तंतोतंत तेच फूल पुन्हा मिळतं. हेन्रींच्या यंत्रात मुद्दाम ढिलाई होती. एखादा स्क्रू किंचित सैल असला तरी सगळं चित्र बदलायचं. आज सुरू केलेली रेघ उद्या तशीच येईल याची खात्री नाही. यंत्रात कुठला प्रोग्रॅम साठवलेला नव्हता, त्यामुळे कुठलंच चित्र दुसऱ्यांदा काढता येत नसे.

आता आपला प्रश्न विचारा. निर्णय कुठे घेतला गेला? थोडा स्क्रूंच्या ढिलेपणात, आणि उरलेला हेन्रींच्या डोळ्यांत. कुठलं पेन, कुठला रंग, पेन कुठे ठेवायचं हे ते ठरवत. चित्र डोळ्यांसमोर वाढत असे आणि 'आता पुरे' म्हणून यंत्र थांबवणारे तेच. पुष्कळदा ते चित्रावर नंतर हातानेही काम करत. यंत्र रेषा देत होतं, पण कधी थांबायचं हे त्याला माहीत नव्हतं.

ठिपक्यांची रांगोळी आणि अंकांचं यंत्र

दुसरा रस्ता डिजिटल संगणकाचा. ब्रिटनमध्ये ही यंत्रं लवकर आली आणि त्यांच्याशी खेळणंही लवकर सुरू झालं. १९५२ मध्ये केंब्रिजला सँडी डग्लस यांनी एडसॅक या संगणकावर फुली-गोळ्याचा खेळ लिहिला. पट दिसायचा ३५ गुणिले १६ ठिपक्यांच्या पडद्यावर. त्याच वर्षी मँचेस्टरला ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी संगणकाकडून प्रेमपत्रं लिहून घेतली. प्रोग्रॅम शब्दांच्या यादीतून सोडत काढल्यासारखे शब्द उचलायचा आणि ठरलेल्या साच्यात बसवायचा.

यात हेन्रींच्या यंत्रापेक्षा मूलभूत फरक आहे. इथे माणूस चित्र किंवा पत्र तयार करत नाही, ते तयार करायचा नियम लिहितो. हे समजायला आपल्याकडे फार चांगलं उदाहरण आहे: ठिपक्यांची रांगोळी. रांगोळीच्या छोट्या पुस्तकात प्रत्येक नक्षीखाली '१३ ते ७' किंवा '१५ ठिपके, १५ ओळी' असं लिहिलेलं असतं. मधली ओळ तेराची, मग दोन्ही बाजूंना कमी होत जात सातावर थांबायचं. त्यानंतर कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा ते. ही सूचना फोनवरून सांगितली तरी पलीकडची बाई तीच रांगोळी काढेल, कारण सूचनेत नक्षी पूर्ण सामावलेली आहे. हाच अल्गोरिदम.

ही तुलना माझ्या मनची नाही. मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी तामिळनाडूतल्या कोलमचं व्याकरण मांडलं. भाषेत नियमांनी वाक्य बनतं तशी कोलम नियमांनी कशी बनते, याचा त्यांचा शोधनिबंध १९७४ मध्ये संगणक-चित्रांच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. उंबऱ्यासमोर रोज सकाळी बायका जे काढतात त्यात औपचारिक गणित आहे, हे त्यांनी दाखवून दिलं.

एकेक चौकट

नियमाने स्थिर चित्र निघतं, तर हलतं चित्र का नाही?

हलत्या चित्राचं मूळ तत्त्व आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला आले, इथल्या स्टुडिओत काम कसं चालतं ते त्यांनी पाहिलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन परत गेले. 'राजा हरिश्चंद्र'ला हात घालण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि कॅमेरा समोर ठेवून, मध्ये वेळ जाऊ देत एकेक चौकट टिपली. पडद्यावर रोप झरझर वाढताना दिसलं. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्याही अशाच हलवल्या. कॅमेरा एका वेळी एकच चौकट टिपतो आणि दोन चौकटींच्या मध्ये काय बदलायचं हे आपण ठरवतो. ॲनिमेशन म्हणजे एवढंच.

मग काड्या हाताने हलवण्याऐवजी प्रत्येक चौकटीतली जागा संगणकाने मोजली तर? अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये एडवर्ड झाजॅक यांनी १९६३ मध्ये हे केलं. उपग्रह पृथ्वीभोवती फिरताना आपली दिशा कशी सांभाळतो, ते दाखवणारी फिल्म त्यांनी संगणकाकडून काढून घेतली. हेतू कलेचा नव्हता. आकड्यांच्या तक्त्यातून जे दिसत नाही ते डोळ्यांना दिसावं, एवढाच. मी स्वतः सिम्युलेशनवर काम करते. आकड्यांच्या लांबलचक फायलीत काय चाललंय ते हलत्या चित्रात बघितल्यावर एकदम कळतं, हा आमच्या क्षेत्रातला रोजचा अनुभव आहे. त्याची सुरुवात ही.

ब्रिटनमध्ये गोष्ट थोडी वेगळी घडली. टोनी प्रिचेट यांनी १९६७-६८ मध्ये एक छोटीशी, सुमारे दोन मिनिटांची फिल्म केली: 'फ्लेक्सिपीड'. तिचा नायक पुष्कळ पायांचा, घोणीसारखा गमतीदार प्राणी. उपग्रह नाही, आलेख नाही, निव्वळ करमणूक. संगणकाने काढलेली पात्र असलेली फिल्म म्हणून ती जगातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. त्याच सुमारास, १९६८ मध्ये, सोव्हिएत संघात निकोलाय कोन्स्तांतिनोव आणि त्यांचे सहकारी संगणकावर एक मांजर चालवत होते. लोखंडी पडद्याच्या दोन बाजूंना एकाच काळात एक मांजर आणि एक घोण चालायला लागली.

चित्र न बघता चित्र काढणं

फ्लेक्सिपीड कशी तयार झाली ते नीट समजून घ्या, कारण आज त्याची कल्पना करणं अवघड आहे. गणित झालं लंडन विद्यापीठाच्या ॲटलस संगणकावर. ॲटलस ही मँचेस्टर विद्यापीठ आणि फेरांटी कंपनीची निर्मिती. १९६२ मध्ये पहिला ॲटलस सुरू झाला तेव्हा तो जगातल्या सर्वांत ताकदवान संगणकांत गणला जाई. आणि त्याची मुख्य मेमरी किती? १६,३८४ शब्द, प्रत्येक शब्द ४८ बिटांचा. आजच्या मापात ९६ किलोबाइट. तुमच्या फोनमधला एक साधा फोटो त्यात मावणार नाही.

ॲटलसला चित्र दाखवायचा पडदा नव्हता. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर किंवा कार्डांवर भोकं पाडून द्यायचा. संगणक त्यातून 'या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ' अशा आज्ञा मोजून चुंबकीय फितीवर लिहायचा. ही फीत घेऊन जायची ऑक्सफर्डजवळच्या कलहमला. तिथे अणुऊर्जा प्राधिकरणाची फ्यूजनवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती आणि तिच्याकडे एस.सी. ४०२० नावाचं यंत्र होतं. त्यात काचेची एक नळी, जुन्या टीव्हीत असायची तशी, आणि तिच्यासमोर काळ्या पेटीत सिनेमाचा कॅमेरा. नळीवर १०२४ गुणिले १०२४ बिंदूंच्या जाळीत इलेक्ट्रॉनचा झोत रेघा मारायचा. कॅमेऱ्याचं झाकण उघडंच असायचं. एका चौकटीच्या सगळ्या रेघा मारून झाल्या की फिल्म एक घर पुढे सरकायची. फाळक्यांचीच पद्धत, फक्त हात लावायला माणूस नाही. नंतर फिल्म धुवायला पाठवायची. आणि मग कुठे प्रोजेक्टरवर कळायचं की आपण काय काढलंय.

आता समजा हा प्राणी तुम्हाला चालवायचाय. सेकंदाला २४ चौकटी, दोन मिनिटांच्या २,८८०. तेवढी चित्रं काढायची तर आयुष्य जाईल, म्हणून नियम लिहायचा. एक पाय पुढे-मागे झुलतो, लंबकासारखा. तो सेकंदाला एक झोका पूर्ण करत असेल तर ३६० अंशांचं चक्र २४ चौकटींत संपायला हवं, म्हणजे दर चौकटीला १५ अंश. सगळे पाय एकदम हलले तर प्राणी उड्या मारतोय असं वाटेल. म्हणून प्रत्येक पाय आधीच्या पायापेक्षा ४५ अंश मागे ठेवा. ४५ भागिले १५ म्हणजे ३ चौकटी उशीर. आठ पायांनंतर ३६० अंश पूर्ण होतात आणि नवव्या पायाचा ताल पुन्हा पहिल्याशी जुळतो. एवढं केलं की पायांमधून एक लाट धावताना दिसते, पावसाळ्यात अंगणातल्या वाणीच्या पायांमधून दिसते तशी. लाट कोणी काढलेली नसते. ती '४५ अंश मागे' या एका आकड्यातून येते. (ही आकडेमोड तत्त्व समजावं म्हणून माझी आहे, प्रिचेट यांचा प्रोग्रॅम नव्हे.)

हेन्रींची आणि फ्लेक्सिपीडची परिस्थिती अगदी उलटी आहे, हे लक्षात आलं का? हेन्री चित्र वाढताना बघत होते, पण ते पुन्हा काढू शकत नव्हते. प्रिचेट यांच्या पद्धतीने चित्र हवं तितक्या वेळा काढता येतं, पण काढताना ते दिसत नाही. सगळे निर्णय आधीच घ्यावे लागतात, मनातल्या मनात चालणारा प्राणी बघत. इथे निर्णय नियमात आहे.

१९६८चं लंडन

हे सगळं सामान्य लोकांसमोर आलं ते २ ऑगस्ट ते २० ऑक्टोबर १९६८ या काळात, लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये. प्रदर्शनाचं नाव 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी'. सायबरनेटिक्स म्हणजे यंत्रं आणि सजीव स्वतःवर नियंत्रण कसं ठेवतात याचं शास्त्र. सेरेंडिपिटी म्हणजे शोधत नसताना काही चांगलं हाती लागणं. हा शब्द अठराव्या शतकात होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने सेरेंडिप, म्हणजे श्रीलंका, या नावावरून बनवला.

प्रदर्शन भरवलं याशा रायखार्ट यांनी. जर्मन तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांनी १९६५ मध्ये त्यांना संगणकांकडे लक्ष द्यायला सुचवलं होतं. सहभागी सुमारे १३० जण, त्यांपैकी ४३ संगीतकार, चित्रकार आणि कवी. उरलेले ८७ अभियंते, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ, तत्त्वज्ञ. महत्त्वाची गोष्ट अशी की समोरची वस्तू चित्रकाराने केलीय की अभियंत्याने, हे माहितीचा फलक वाचल्याशिवाय कळत नसे. रायखार्टना हे आवडत होतं. आधी बघा, मग विचारा कोणी केलं.

हेन्रींचं यंत्र तिथे होतं, फ्लेक्सिपीडही दाखवली गेली. पण गर्दी खेचली ती एडवर्ड इहनातोविच यांच्या 'सॅम'ने. ॲल्युमिनियमच्या मणक्यांचा पाठीचा कणा आणि वर फुलासारखं डोकं. त्या डोक्यात चार मायक्रोफोन. आवाज कुठून येतोय ते शोधून सॅम हायड्रॉलिक्सच्या जोरावर तिकडे वळायचा. त्याला हळू, सलग आवाज आवडत. लोक त्याच्यासमोर उभे राहून त्याचं लक्ष वेधायचा प्रयत्न करत. इथे निर्णयाची तिसरी जागा आली: बघणारा माणूस. तुम्ही गुणगुणला नाहीत तर शिल्प हलणार नाही.

प्रदर्शनाच्या सुमारास ॲलन सटक्लिफ, जॉर्ज मॅलन आणि जॉन लॅन्सडाउन हे तिघे एकत्र आले आणि 'कॉम्प्युटर आर्ट्स सोसायटी' उभी राहिली. एक संगणक कंपनीतला प्रोग्रॅमर, एक सायबरनेटिक्सवाला, एक वास्तुविशारद. मार्च १९६९ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला, आणि 'पेज' नावाचं वार्तापत्र निघायला लागलं.

या मंडळींचं काम तुम्ही कदाचित नकळत पाहिलंही असेल. १९७९ च्या 'एलियन' चित्रपटात नोस्ट्रोमो यान ग्रहावर उतरतं, तेव्हा यानातल्या पडद्यावर तारेच्या जाळीसारखे डोंगर सरकताना दिसतात. ते मॅलन आणि लॅन्सडाउन यांच्या सिस्टिम सिम्युलेशन या कंपनीने केले. त्यांची फिल्म निघाली ऑक्सफर्डशायरमधल्या चिल्टनच्या सरकारी संगणक प्रयोगशाळेतल्या यंत्रावर. फिल्मवर रेघा मारण्याचं तेच तत्त्व, फक्त यंत्र पुढच्या पिढीचं.

काय उरलं?

इथे गोष्ट थोडी उदास होते.

हेन्रींच्या यंत्रांपैकी एकही आज पूर्ण चालू स्थितीत नाही. प्रोग्रॅम नसल्यामुळे त्यांची नक्कलही करता येत नाही. कागद आहेत, पण ते कसे निघाले हे कोणी चालवून दाखवू शकत नाही. लंडनचा ॲटलस केव्हाच मोडीत गेला, चिल्टनचा ॲटलस १९७३ मध्ये बंद झाला. त्यांच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम सापडला तरी चालवायचा कशावर? फ्लेक्सिपीड आपल्याला बघता येते ती केवळ ती फिल्मवर उतरली म्हणून.

इहनातोविच यांनी सॅमनंतर 'सेन्स्टर' नावाचं साडेचार मीटरच्या आसपास लांबीचं, संगणकाने चालणारं शिल्प केलं. १९७० पासून ते नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला होतं. काही वर्षांत ते बंद झालं आणि नुसता लोखंडी सांगाडा उघड्यावर उभा राहिला. २०१७ मध्ये पोलंडच्या क्राकोव इथल्या विद्यापीठाने तो नेला आणि दुरुस्त करून पुन्हा हलता केला.

कॉम्प्युटर आर्ट्स सोसायटीही ऐंशीच्या दशकात थंडावली. पुढे २००२ ते २००५ या काळात लंडनच्या बर्कबेक कॉलेजमधल्या संशोधकांनी त्या काळच्या लोकांना गाठलं, त्यांच्या आठवणी टिपल्या, कपाटांत आणि माळ्यांवर पडलेले कागद गोळा केले. सोसायटीचा संग्रह शेवटी २००७ मध्ये व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमकडे गेला. या म्युझियमने १९६९ मध्येच सायबरनेटिक सेरेंडिपिटीच्या निमित्ताने छापलेली चित्रं घेतली होती, त्यामुळे तो संग्रह योग्य घरी पोचला असं म्हणायला हरकत नाही. पण ती माणसं हयात असताना कोणी विचारायला गेलं नसतं तर? 'निर्णय कुठे घेतला गेला' याचं उत्तर देणारे पुरावे कचऱ्यात गेले असते.

आणि आता आपला गणपती

मध्ये एक दुवा सांगायचा राहिला: हॅरॉल्ड कोहेन. जन्म लंडनचा, १९६६ च्या व्हेनिस बिएनालेत ब्रिटनचं प्रतिनिधित्व केलेला चित्रकार. १९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाला गेले, प्रोग्रॅमिंग शिकले आणि 'आरॉन' नावाचा चित्रं काढणारा प्रोग्रॅम लिहायला बसले. २०१६ मध्ये वारले तोपर्यंत ते त्याच्यावरच काम करत होते. चाळीसहून जास्त वर्षं. बंद आकार कसा काढायचा, पान दगडाच्या मागे असेल तर किती झाकायचं, असे स्वतःच्या चित्रकलेच्या जाणिवेतले नियम त्यांनी एकेक करून आरॉनला शिकवले. आरॉनचं चित्र बघून 'हे कोणाचं?' असं विचारलं तर उत्तर सोपं आहे. नियम कोहेनचे.

आजच्या एआयमध्ये असे हाताने लिहिलेले नियम नाहीत. इंटरनेटवरची अगणित चित्रं आणि त्यांच्याखालचे शब्द यांतून तो स्वतःच संबंध शिकतो. मग ग्रुपवर आलेल्या गणपतीत निर्णय कुठे घेतले गेले? थोडे मॉडेल बनवणाऱ्या अभियंत्यांनी. थोडे सूचना टाइप करणाऱ्या आणि चार चित्रांतून एक निवडणाऱ्या तुमच्या चुलतभावाने. आणि फार मोठा वाटा अशा हजारो मूर्तिकार, चित्रकार, छायाचित्रकारांचा, ज्यांची चित्रं त्यात गेली आणि ज्यांना कोणी विचारलं नाही. सोंडेचं वळण, मुकुटाची नक्षी, पितांबराचा पिवळा ही सगळी कोणीतरी कधीतरी ठरवलेली गोष्ट आहे. पेणच्या कार्यशाळेत मूर्तीचे डोळे रंगवणाऱ्या माणसाने घेतलेला निर्णयही कुठेतरी त्यात असेल. हेन्रींच्या बाबतीत आपण सैल स्क्रूपर्यंत पोचू शकलो. इथे त्या माणसापर्यंत पोचायची वाटच ठेवलेली नाही. मला खरी अडचण वाटते ती ही. यंत्राने चित्र काढलं याबद्दल माझी तक्रार नाही.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर भांडण सुरू झालं की 'यंत्र की माणूस' एवढ्यावर थांबू नका. कोणी काय ठरवलं, त्याची नोंद कुठे आहे आणि ज्यांनी ठरवलं त्यांना श्रेय मिळालं का, हे विचारा. आणि तुमच्यापैकी जे कोणी कोड लिहून चित्रं, आलेख, ॲनिमेशन करत असतील त्यांना एक विनंती. चित्रासोबत कोडही ठेवा, कुठल्या यंत्रावर चालवलं तेही लिहून ठेवा. साठ वर्षांनी कोणीतरी विचारायला येईल.

लंडनला आलात तर साउथ केन्सिंग्टनला व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये जा. या संग्रहातली पुष्कळ चित्रं त्यांच्या संकेतस्थळावरही बघायला मिळतात. हेन्रींचं एखादं चित्र शोधा आणि ते मोठं करून बघा. शेकडो वक्ररेषांच्या जाळीत यंत्राची रेघ कुठे संपते आणि माणसाचा हात कुठे सुरू होतो, ते सापडतंय का बघा. सापडलं तर खाली नक्की कळवा.